गाणे, अल्बम आणि गोंधळ

मोठ्या संग्रहासाठी अधिक क्षमतेचा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर कोणता घ्यावा, हा प्रश्न साहित्यचर्चेत आणला तर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. हा विषय विजेच्या उपकरणांच्या दुकानदाराचा आहे, समीक्षेचा नव्हे, असे अगदी अलीकडेपर्यंत आम्हांसही वाटत होते. तुळजापूरच्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांनी हा प्रश्न आम्हांला विचारला, आम्ही त्याचे झटपट उत्तर दिले, आणि ते उत्तर सपशेल चुकले. हे टिपण त्या चुकीविषयी आहे.

सरांकडे सुमारे तीनशे ध्वनिफिती आहेत. पंचवीसएक वर्षे गावोगाव हिंडून त्यांनी भरलेल्या. गोंधळ, आराध्यांची गाणी, जोगवा, जात्यावरच्या ओव्या. काही नवरात्रातल्या, काही लग्नघरातल्या, काही कोजागिरीच्या यात्रेतल्या. नातवंडांनी त्या संगणकावर उतरवून दिल्या, आणि आता हे सारे एका उपकरणात हवे, असे सरांच्या मनाने घेतले. मोबाइल त्यांना नको. आख्यान रंगात आले असताना कोणाचा तरी फोन यावा आणि भवानीने गप्प बसावे, हे त्यांना खपत नाही. आम्ही विचारले, "सर, गाणी साधारण किती असतील?" सर म्हणाले, "गाणी नाहीतच हो माझ्याकडे. रात्री आहेत."

तेव्हा आम्ही हसलो आणि आकडेमोड करू लागलो. साठ मिनिटांच्या आणि नव्वद मिनिटांच्या फिती मिळून सरासरी पंचाहत्तर मिनिटे धरली, तर तीनशे फितींचे ३७५ तास होतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे सगळा संग्रह सुमारे २२ जीबी. सीडीच्या दर्जाचे, काहीही न गाळलेले ध्वनिमुद्रण ठेवायचे तर सुमारे २४० जीबी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी जी किमान मर्यादा सुचवली आहे (सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा), ती पाळली तरी ३९० जीबीच्या आसपास. नखाएवढ्या ५१२ जीबीच्या कार्डावर हे सगळे बसते. एक टीबीचे तसले कार्ड तर २०१९ सालीच बाजारात आले. म्हणजे क्षमतेचा प्रश्न आज उरलेलाच नाही, आणि तरी दुकानदारापासून आमच्यापर्यंत सगळे त्याचेच उत्तर देत बसतात.

एके काळी तो प्रश्न खरा होता. २००१ साली पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा, आणि हजार गाणी खिशात, ही त्याची जाहिरात होती. पुढे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आला. २०१४ मध्ये तो बंद झाला तेव्हा मोठे संग्रह बाळगणाऱ्या मंडळींनी अक्षरशः सुतक पाळले. त्यातली हार्ड डिस्क काढून तेथे मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोक आजही आहेत. २०२२ मध्ये आयपॉड हे नावच इतिहासजमा झाले. परंतु त्याने रुजवलेली एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे संग्रह मोजण्याचे एकक. हजार 'गाणी'. गाणे म्हणजे तीनचार मिनिटांचे, एका कलावंताचे, एका अल्बममधले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपत असे, म्हणून गाणे तेवढे झाले. तबकडी गेली, तिचे माप मात्र राहिले.

एमपी३ फाइलला जी ओळखचिठ्ठी चिकटवतात तिला आयडी३ टॅग म्हणतात. १९९६ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षक, कलावंत आणि अल्बम यांना प्रत्येकी तीस अक्षरांची जागा होती, आणि त्या जागेत देवनागरीची सोयच नव्हती. संगीतप्रकारांची ऐंशी नावांची ठरलेली यादी होती. तीत 'पोल्का' आहे, 'ख्रिश्चन रॅप' आहे. उरलेल्या जगासाठी 'एथ्निक' असा एक शब्द आहे. 'फोक' हा प्रकार त्या ऐंशीत नव्हता, तो मागाहून जोडला गेला. पुढील आवृत्त्यांत युनिकोड आले, देवनागरी आली, हे मान्य. चौकटी मात्र त्याच राहिल्या. कोजागिरीला देवळाकडे निघालेल्या वीसपंचवीस आराधिणींपैकी 'कलावंत' कोण? ज्या ओवीत आजी, सासू आणि सून अशा तीन पिढ्यांनी शब्द बदलले तिचा 'अल्बम' कोणता? या रकान्यांत काहीतरी भरल्यावाचून बहुतेक प्लेअर ती फाइल 'अज्ञात कलावंत, अज्ञात अल्बम' या एकाच ढिगात टाकतात. ज्यांची नावे सरांच्या वहीत गाव आणि तिथीसह नोंदलेली आहेत, अशा कित्येक बायका त्या ढिगात 'अज्ञात' होऊन पडलेल्या आम्ही पाहिल्या.

आता आमची चूक सांगतो. सरांच्या संग्रहातील एका रात्रीचा गोंधळ सहा फितींवर होता. प्लेअरवर तो नीट दिसावा म्हणून आम्ही संगणकावर त्याचे 'गाण्यांत' तुकडे केले. पदे वेगळी काढली, त्यांना नावे दिली. नाईक आणि साथीदार यांची प्रश्नोत्तरे 'बोलणे' म्हणून वगळली. सुरुवातीचे आवाहन फार लांबलेले आणि पुनरुक्तीचे वाटले, म्हणून त्याचे पहिले दोन मिनिट ठेवून बाकी कापले. एकतीस सुबक फाइली झाल्या. आम्ही आमच्या कामावर खूश होतो.

गोंधळाच्या मांडणीवर रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिहिले आहे. लोकसाहित्याचा पेपर शिकवणाऱ्यांना ती नव्याने सांगण्याची गरज नाही. चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, आणि मग आवाहन: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, आणि मग यजमानाच्या गावची, शिवेवरची, कुळाची दैवते एकेक करून नाव आणि ठिकाणासह बोलावायची. आम्ही कापले ते नेमके हेच. मोठ्या क्षेत्रांची नावे प्रत्येक गोंधळात येतात, ती कोणीही सांगेल. त्यांच्यानंतरची जी लहान नावे आम्ही पुनरुक्ती म्हणून टाकून दिली, त्यांवरूनच तो गोंधळ कोणत्या घरी, कोणत्या गावी झाला ते कळत होते. मूळ फाइल सरांकडे शिल्लक होती म्हणून निभावले.

फितीनेही रात्र कापलेलीच असते, मग आम्ही वेगळे काय केले, असे कोणी विचारील. आमच्या मते फरक मोठा आहे. फीत आंधळेपणाने कापते. पंचेचाळीस मिनिटे झाली की शब्द अर्धा तुटतो, खट्ट असा आवाज येतो, आणि दुसरी बाजू भलत्याच जागी सुरू होते. ऐकणाऱ्याला कळते की येथे काहीतरी गेले. आमचे कापणे डोळस होते, म्हणूनच घातक. त्यात जोड दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की गोंधळ म्हणजे ओळीने म्हटलेली एकतीस गाणी. संहितेच्या संपादनाविषयी आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो, गाळलेली जागा दाखवा, पाठ मुकाट्याने सुधारू नका, ते ध्वनीच्या बाबतीत आम्ही क्षणात विसरलो.

या संदर्भात मिलमन पॅरीची आठवण येते. १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात शाहिरांची महाकाव्ये मुद्रित करताना त्याच्यापुढे हीच अडचण होती. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांत भरे, आणि गायकाला थांबवले तर काव्याचा ओघच मोडे. त्याने दोन फिरत्या चकत्यांचे यंत्र करवून घेतले. एक भरली की दुसरी सुरू, गायक अखंड गात राही. त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याचे 'द सिंगर ऑफ टेल्स' हे १९६० सालचे पुस्तक आपल्याकडे अभ्यासक्रमात वाचले जाते. त्यातील सिद्धांतावर चर्चा होते, पण त्या दुहेरी यंत्रावाचून तो सिद्धांत उभा राहिला असता काय, हे कोणी विचारीत नाही. ऐकण्याचे साधन निवडताना आपण काय ऐकू येणार, तेही निवडत असतो.

ओवीची गोष्ट मात्र निराळी. येथे एकक अगदी लहान, दोन ओळींचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध केल्या. तेथे प्रत्येक ओवीबरोबर गायिका, गाव, तालुका आणि विषय येतो. अल्बम नावाच्या रकान्यावाचून त्यांचे काही अडले नाही. ओव्या प्लेअरने उलटसुलट क्रमाने वाजवल्या तरी आमची फारशी तक्रार नाही. दळताना बाईला जी आठवेल तीच ती म्हणत असे. गोंधळाला हे चालत नाही. पूर्वरंगाच्या आधी आख्यान आणि आवाहनाच्या आधी आरती वाजली, तर ती केवळ क्रमाची चूक राहत नाही. न बोलावलेल्या देवांना निरोप दिल्यासारखे ते होते.

आवाजाच्या दर्जाविषयी थोडक्यात. कानाला ऐकू येणार नाही असा अंदाज करून एमपी३ ध्वनीचा काही भाग गाळते, आणि एकाएकी उठणाऱ्या तीक्ष्ण आघातांच्या बाबतीत हा अंदाज फसतो. आघाताच्या क्षणभर आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. संबळ म्हणजे तर सगळा आघातच. १२८ केबीपीएसवर संबळाची काडी बोथट होते आणि झांजेचा चुरा होतो. म्हणून जतनाची प्रत न गाळलेलीच हवी. खिशातल्या प्रतीला फ्लॅक स्वरूप उत्तम. तेही काही गाळत नाही, आणि जागा बरीच कमी घेते. सरांच्या जुन्या टेपरेकॉर्डरची मूळची घरघर पाहता २५६ केबीपीएसचे एमपी३ही आम्ही चालवून घेऊ. शुद्ध आवाजाचे भक्त रागावतील, रागावोत.

मग प्लेअर कोणता? सोनीचे आजचे वॉकमन, फिओ, हायबाय, आणि ज्यांना परवडते त्यांच्यासाठी अ‍ॅस्टेल अँड कर्न, अशी नावे बाजारात आहेत. आमचे मत असे की नावाआधी दुकानात उभे राहून चार गोष्टी करून पाहाव्यात. टॅगकडे न पाहता फोल्डरप्रमाणे संग्रह दिसतो का, ते पाहावे. सरांच्या वहीचा क्रम गाव, वर्ष, रात्र असा आहे, आणि तो फोल्डरांतच उतरतो. 'गोंधळ्यांची रात्र' असे नाव दिलेली फाइल पडद्यावर वाचून पाहावी. जोडाक्षरे फुटली, मात्रा उडाल्या, की ते यंत्र परत ठेवावे. दोन तासांची फाइल मध्येच बंद करून पुन्हा लावावी. जेथे थांबली तेथूनच ती सुरू व्हायला हवी. काही स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने न वाजवता फाइली कार्डावर ज्या क्रमाने उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. हे घरी गेल्यावर कळून उपयोगाचे नाही. जुने यंत्र हाताशी असेल तर रॉकबॉक्स ही स्वयंसेवकांनी घडवलेली प्रणाली त्यावर चढवता येते का, ते पाहावे; फोल्डर आणि खूण ठेवण्याची सोय तीत आहे. आणखी एक: वेव्ह स्वरूपातील फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, आणि जतनाच्या दर्जाला ती चारएक तासांत भरते. म्हणजे रात्र आजही एका फाइलीत मावत नाही. दोन फाइलींच्या सांध्यावर क्षणाचीही फट न पाडणारा प्लेअर हवा.

पाचवी गोष्ट आम्हांला सुचली नव्हती. ती सांगितली एका तरुण गोंधळ्याने, ज्याच्या आजोबांची ती सहा फितींची रात्र होती. त्याला ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता यायला हवा होता. भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या उपकरणांत ही सोय असते, संगीताच्या प्लेअरांत क्वचितच. आम्ही त्याला आमच्या एकतीस फाइली कौतुकाने दाखवल्या. त्याने चार ऐकल्या आणि म्हणाला, "पदं मला येतात की. आजोबा पदावरून आख्यानात कसे उतरायचे, ते शिकायचंय." ते उतरणे आम्ही 'बोलणे' म्हणून वगळले होते.

सरांनी शेवटी मध्यम किमतीचा, कार्डाची खाच असलेला, दिसायला अगदीच सामान्य प्लेअर घेतला. कार्डाच्या तीन प्रती केल्या: एक सरांच्या कपाटात, एक आमच्याकडे, एक त्या मुलाकडे. सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारे कोजागिरीचे यात्रेकरू सुमारे पंचेचाळीस किलोमीटर चालतात. गेल्या खेपेस तो त्यांच्यात होता, आणि वाटेत त्याने ती रात्र आवाहनापासून सलग ऐकली. परत आल्यावर त्याने सरांना विचारले की तिसरी फीत उलटताना मध्ये काय गेले. सरांना आठवेना. आजोबा आता नाहीत.

टॅगमध्ये 'शेरा' असा एक रकाना असतो. त्याच्याकडे आम्ही तोवर लक्षच दिले नव्हते. सरांनी त्यात लिहायला सांगितले: येथे फीत उलटली, अंदाजे अर्धे मिनिट नाही.