स्त्रीधनाची यादी

गेल्या मासीं आमची एक पुतणी माहेरीं आली, ती डोळ्यांत पाणी घेऊनच. यजमानांचा व्यापार बुडाला, धनको न्यायालयांत गेले. "काका, माहेरचे दागिने त्यांच्याच नांवच्या लॉकरांत आहेत. ते माझे, हें आतां मीं कशावरून सांगावें?" आम्हांस उत्तर सुचेना. वीस वर्षांपूर्वीं तिच्या लग्नांत यादी करण्याची गोष्ट निघाली, तेव्हां "घरच्या माणसांत कागद कशाला?" असें म्हणून ती आम्हींच मोडून काढिली होती.

आमचे शास्त्रकार इतके भाबडे नव्हते. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि व बंदिवास या प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत देण्याचें बंधन याज्ञवल्क्यानें त्याजवर ठेविलें नाहीं. अर्थात् एरव्हीं तें परत दिलेंच पाहिजे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही पतीच्या हातीं असलेलें स्त्रीधन ही पत्नीची ठेव होय, असाच निर्णय दिला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें, धर्मरूढीनें स्त्रीस अंगावेगळे करितां येत नाहींत असे अलंकार जप्त होत नाहींत. तेव्हां मंगळसूत्र वांचेल. पण पाटल्या आणि गोठ कोणाचे, हें पुराव्यानेंच ठरावयाचें.

यास्तव लग्नांत मिळालेल्या वस्तूंची यादी, देणाराचें नांव व अदमासें किंमत घालून करावी आणि तीवर वधूवरांनीं सह्या कराव्या. १९८५ च्या नियमांनीं हें आवश्यकच केलें आहे. विवाहानंतर पतीनें पत्नीस घर वा जमीन दिल्यास नोंदणी केलेलें बक्षीसपत्र असावें, आणि तें सुस्थितींत असतांनाच करावें; धनकोंस चुकविण्याच्या हेतूनें केलेलें पत्र न्यायालय रद्द करूं शकतें. तसेंच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचें सहावें कलम १९२३ पासून मुंबई इलाख्यांतील हिंदूंसही लागू झालें. त्याखालीं पतीनें पत्नी व मुलें यांच्या हितार्थ आपल्या आयुष्याचा विमा उतरविल्यास ती रक्कम त्यांची ठेव ठरते. प्रामाणिकपणें उतरविलेल्या अशा विम्यावर पतीच्या धनकोंचा हात पोंचत नाहीं.

परवां पुतणीच्या मामांस बोलावून, सराफाच्या जुन्या पावत्या शोधून आम्ही यादी करावयास बसलों. बारा डागांपैकीं सातांच्याच पावत्या सांपडल्या. आमच्या वाचकांच्या घरीं यंदा कार्य असल्यास त्यांनीं अक्षतांच्या दिवशींच कागद व दौत जवळ ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.