पडद्यावर आलेले दुखणे

जलशात शाहिराचा घाम पुढे बसलेल्याला दिसतो. सिनेमात तो दिसत नाही. कोल्हापूरला दोन्हीची गोडी आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर याच गावात सिनेमावाले झाले. तेव्हा शाहूपुरीत बसून आम्ही न्यूयॉर्कच्या एका संगीत नाटकाविषयी लिहिले तर वाचक बंधू-भगिनींना नवल वाटू नये. नाटकाचे नाव ‘रेंट’, म्हणजे घरभाडे.

ते रचणारा जोनाथन लार्सन बरीच वर्षे हॉटेलात वेटर होता. १८९६ सालच्या ‘ला बोहेम’ या इटालियन संगीत नाटकात भरतकामावर पोट भरणारी मिमी क्षयाने मरते. लार्सनने क्षयाच्या जागी एड्स आणला. भाडे थकलेले, थंडीत आपलेच लिखाण जाळून ऊब घेणारे कलावंत त्याने उभे केले आणि या रोगाने गेलेल्या आपल्या मित्रांची नावे काही पात्रांना दिली. पहिला प्रयोग ठरला होता त्याच दिवशी, २५ जानेवारी १९९६ च्या पहाटे, तो वारला. वय ३५. त्याला एड्स नव्हता. हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. त्याआधी दोन इस्पितळांनी त्याला किरकोळ आजार सांगून घरी धाडले होते. गरिबाच्या छातीतल्या कळेचे असेच होते!

नाटक बारा वर्षे चालले. पुढच्या दोन ओळींची तिकिटे रांगेत उभे राहणाऱ्यांना वीस डॉलरला मिळत. पुढची ओळ कमी पैसेवाल्याला, ही रीत आम्हाला फार आवडली.

२००५ साली ख्रिस कोलंबस यांनी त्याचा सिनेमा केला. बहुतेक नट मूळचेच, पण नऊ वर्षांनी थोराड झालेले. गाण्यातले बरेच संवाद नुसते बोलून घेतले. आमच्या मते खरे नुकसान वेगळे आहे. १९९६ नंतर अमेरिकेत औषधे आली होती, त्यामुळे जे नाटक लोकांनी जीव मुठीत धरून पाहिले, तेच पडद्यावर जुनी हकिगत वाटले.

औषध आले, पण बाट गेला का?

त्याच २००५ साली आपल्याकडे ‘माय ब्रदर निखिल’ आला. तो नाटकावरून नव्हे, शेजारच्या गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझांच्या आयुष्यावरून सुचलेला. रक्तदानातून लागण कळली आणि १९८९ साली त्यांना क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवले. आई ल्यूसी हायकोर्टात गेल्या. मुलगा सुटला, कायदा मात्र कोर्टाने उचलून धरला. १९९२ साली डॉमिनिक गेले. सिनेमातला निखिल जलतरणपटू आहे. तो तलावात उतरतो आणि बाकीचे बाहेर पडतात. महाडच्या तळ्याची हकिगत ज्या घरांत सांगितली जाते, तिथे हे दृश्य कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आज औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळते, आपल्या सीपीआरमध्येही. चौकशीसाठी १०९७ हा बिनपैशाचा फोन आहे. २०१७ च्या कायद्याने लागण झालेल्याला त्या कारणावरून कामावरून काढणे, घर किंवा शाळा नाकारणे गुन्ह्यात धरले नसले तरी बेकायदा ठरवले आहे. हे सारे गाण्यात बसते. येत्या जयंतीला जलसा बसवणाऱ्या शाहिरांनी निखिलचा तो तलाव पडद्यावरून उचलून वस्तीतल्या मंचावर आणावा. पुढच्या ओळीत आयाबहिणींना बसवावे.