आगंतुक पाहुणा

दिवाळीच्या अंकात तणाविषयी लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे. पण वर्षभर या सदरातून आपण घरच्या अडचणी एकमेकांना सांगत आलो. मग सणाच्या दिवशी एवढी एकच लपवायची कशाला?

आमच्या थोरल्या बंधूंनी निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून मोशीला चार गुंठे जागा घेतली. जवळ इंद्रायणी, एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. दोन खोल्या बांधाव्यात, दोन आंबे लावावेत, एवढीच त्यांची हौस. यंदा श्रावणात जाऊन पाहतात तो सारी जागा कमरेइतक्या हिरव्या झाडोऱ्याने भरलेली, वर बारीक पांढऱ्या फुलांची नक्षी! दादांनी बाह्या सरसावल्या आणि उघड्या हातांनी दोन दिवस ते उपटले. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले, हात आणि मान लालबुंद झाली.

डॉक्टर म्हणाले, "हे गाजरगवत. एकदा बाधले की पुढे थोड्या स्पर्शानेही अंगावर उठते. तुम्ही आता त्याला हात लावू नका."

वहिनींनी त्याच संध्याकाळी फर्मान काढले, "विकून टाका ती जागा!" दादा काही बोलले नाहीत. नुसते सातबाऱ्याची घडी घालत बसले.

या पाहुण्याचे मूळ घर मेक्सिकोकडचे. पाने गाजराच्या पाल्यासारखी, म्हणून हे नाव. काँग्रेस गवत असेही लोक म्हणतात. १९५६ साली आर. एस. राव यांनी पुण्यात सापडलेल्या या झाडाची नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ते अमेरिकन गव्हातून आले असे आपण ऐकतो. पण जुन्या वनस्पतिसंग्रहांत त्याआधीचेही नमुने आहेत, तेव्हा सारा दोष गव्हावर घालता येत नाही. एकेक झाड हजारो बिया टाकते. वारा, पाणी, ट्रकच्या चाकांचा चिखल, कशानेही त्या पसरतात. मेक्सिकोहून आणलेले पट्ट्यांचे भुंगे १९८४ पासून आपल्याकडे सोडले गेले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात, पण थंडीत मातीत दडून बसतात. म्हणजे हातपाय आपल्यालाच हलवायचे!

शेजारच्या शेतातल्या एका मावशींनी दादांची चूक एका वाक्यात सांगितली. "दादा, फुलावर आल्यावर काय उपटताय? तवर त्यानं बी टाकलं की!"

गवत उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येते. त्याआधी, पाऊस पडून माती भुसभुशीत असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे, पुऱ्या बाह्या, तोंडाला रुमाल हवाच; ज्याला बाधते त्याने लांबच राहावे. फुले नसलेले गवत खड्ड्यात कुजवून खत होते. फुललेल्याचा ढीग मात्र कुंपणापलीकडे फेकू नये. वाऱ्याने तो पुन्हा आपल्याच अंगणात यायचा. जनावरांनी खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो, हेही मावशींनीच सांगितले.

खरी अडचण पुढेच होती. दादांची जागा साफ झाली, तरी शेजारच्या रिकाम्या जागा फुललेल्याच! मालक कोण पुण्यात, कोण मुंबईत. दादांनी गावात विचारून एकेकाचा पत्ता काढला, फोन केले. कुणी "बघू" म्हणाले, कुणी ऐकूनच घेतले नाही. तरी पाच जण एका रविवारी आले. दादा दूर छत्री घेऊन बसले आणि तिथूनच हुकूम सोडत राहिले!

मोकळी जमीन राहिली की गवत परत येणारच, म्हणून तिथे टाकळा दाट वाढवावा, असे जाणकार सांगतात. पहिल्या पावसात ज्याची कोवळी पाने आपण भाजीला खुडतो, तोच हा टाकळा. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात. बी आता गोळा करून वैशाखात पेरायचे. गवत एका वर्षात हटत नाही; जुने बी मातीत वर्षानुवर्षे टिकते.

परवा दादांकडे गेलो. फडताळात चकलीच्या डब्याशेजारी आणखी एक डबा दिसला. मी झाकण उघडू लागलो तशा वहिनी ओरडल्या, "अहो, तो फराळ नाही! टाकळ्याचं बी आहे. वैशाखात मोशीला न्यायचंय."

जागा विकण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.