ओटा, धूळ आणि एक प्रश्न

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचं रिमॉडेलिंग झालं. सौ.ची अट एकच, ओट्यावर हळदीचा डाग राहता कामा नये. म्हणून क्वार्ट्झ! (मंडळातल्या निम्म्या घरांत त्याच कारणानं तो आलाय.) सिंकचं भोक थोडं लहान पडलं, तेव्हा कारागिरानं ड्राइव्हवेतच ग्राइंडर चालवला, पाणी न मारता. गाडीवर पांढरी पूड बसली. मी गाडीची काळजी करीत होतो. तो खोकत होता. तिशीतला मेक्सिकन पोरगा.

पाणी दिलं तर म्हणाला, "वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. गोळ्या घेतो, पण खोकला जात नाही."

"काय काम करतोस ते डॉक्टरांनी विचारलं?"

"विचारलं ना. कन्स्ट्रक्शन म्हणून सांगितलं."

इथेच सगळं अडतं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तीस-चाळीस टक्के, तर ह्या कारखान्यात बनवलेल्या दगडात पुष्कळदा नव्वदच्या वर. त्याचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण धरतात आणि ते व्रण भरून येत नाहीत. हा सिलिकोसिस. एक्स-रेत वरच्या भागात बारीक गाठी, सुजलेल्या ग्रंथी, म्हणजे थेट टी.बी.सारखं चित्र! त्यात गंमत अशी (कसली गंमत म्हणा), की सिलिकोसिसवाल्याला टी.बी. लवकर गाठतो. म्हणजे थुंकीत जंतू सापडले तरी सिलिकोसिस नाही असं म्हणता येत नाही. फुंकर मारायची चाचणी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते. सी.टी. स्कॅनमध्ये अधिक दिसतं, पण त्याचा अर्थ लावायला कामाचा इतिहास हवाच: काय कापलं, किती वर्षं, कोरडं की ओलं.

इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं 1700 साली हेच लिहून ठेवलं होतं, की रोग्याला धंदाही विचारा. तरी कॅलिफोर्नियातल्या अशा 52 कामगारांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक जणांचं निदान उशिरा झालेलं. कित्येकांना आधी न्यूमोनिया किंवा टी.बी. ठरवलेला. निदानाच्या वेळचं मध्यम वय 45, म्हणजे माझंच. दहा जण गेले. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून ह्या दगडावर बंदीच घातली. इथे 2016 च्या नियमानं हवेत घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण ड्राइव्हवेत मोजायला कोण येतो?

तुमच्याकडे काम निघालं तर आधीच बजावा, कापाकापी वर्कशॉपमध्येच आणि पाणी मारून. घरात दुरुस्ती निघाली तर फळी परत न्या म्हणावं. चार दिवस उशीर झाला तर होऊ दे.

मी त्याला कागदावर लिहून दिलं: 'सिलिकाची धूळ, कृत्रिम दगड, नऊ वर्षं. छातीचा सी.टी. स्कॅन करावा का?' त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला.

रात्री सौ. म्हणाली, "त्याचा फोन नंबर घेतलास ना?"

घेतला नव्हता. काँट्रॅक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, तो पोरगा आता आमच्याकडे नाही.