वारा गावचा, वाटा कोणाचा?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठारावर उभे राहिले की नजर पोहोचेल तिथवर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. खाली कोयनेचा शिवसागर, वर हे मनोरे. दोन्ही राज्याला वीज देतात. मात्र या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या शेतकऱ्याची जमीन एकदा पाण्याखाली गेली आणि दुसऱ्यांदा एकरकमी किमतीत हातची गेली. मोबदल्यात काहींना राखणदारीची नोकरी मिळाली, इतकेच.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. पहिल्या पिढीतील पवनचक्क्यांचे आयुष्य संपत आले असून त्यांच्या जागी अधिक क्षमतेची यंत्रे बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुधारित धोरण आणले. यंत्रे बदलणारच असतील, तर मालकीचा विचारही नव्याने व्हायला हवा.

भारतात पवनविजेचा आरंभ शासकीय पुढाकारानेच झाला, हे आज कोणाच्या स्मरणातही नाही. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आदी ठिकाणी ५५ किलोवॅटची प्रायोगिक यंत्रे बसली ती सरकारी साहाय्याने. पुढे वेगवान घसाऱ्याची करसवलत आली आणि डोंगरमाथ्यावरील वारा हा शहरातील उद्योगांच्या करनियोजनाचा भाग झाला. त्या भांडवलाने क्षमता वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गावाचे स्थान त्या हिशेबात कुठेच नव्हते.

ते असू शकते, याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. कोइंबतूर जिल्ह्यातील ओडंथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॅटची स्वतःची पवनचक्की घेतली. खर्च १ कोटी ५५ लाख रुपये. त्यातील ४० लाख पंचायतीच्या शिलकीतून आले, उरलेले बँकेच्या कर्जातून. यंत्र गावात नाही, ते दूर मैवाडी येथे, जिथे वारा आहे तिथे बसवले. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट वीज निर्माण होते. पथदिवे, पाणीपुरवठा आदी गरजा भागून उरलेली वीज मंडळाला विकली जाते. कोणा उद्योगपतीच्या देणगीवाचून, सरपंच आर. षण्मुगम यांच्या नेतृत्वाखाली एका पंचायतीने हे केले. पं. दीनदयाळ उपाध्याय ज्या विकेंद्रित अर्थरचनेचा आग्रह धरत, ती याहून वेगळी ती काय?

महाराष्ट्रात सहकाराचे नाव काढले की सामान्य माणूस सावध होतो, आणि ते स्वाभाविक आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली दबली आणि २०११ मध्ये तेथील वितरण महावितरणकडे गेले. गावाच्या नावाने चालणारी संस्था पुढाऱ्यांची जहागीर होऊ शकते. म्हणून सगळा भार पंचायतीवर टाकणे शहाणपणाचे नाही. उभारणी, देखभाल आणि जोखीम महानिर्मितीसारख्या शासकीय कंपनीने घ्यावी, पंचायतींना उत्पन्नात ठरावीक वाटा असावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा. सह्याद्रीवरील वारा मुख्यतः पावसाळ्याचे चार महिने वाहतो. तेव्हा कर्जाचे हप्तेही पीककर्जासारखे हंगाम पाहूनच बांधावे लागतील. मुंबईत बसून आराखडा करणाऱ्यास हे सुचत नाही, गावकऱ्यास न सांगता कळते.

वाट्याचे तत्त्व सरकारला अपरिचित नाही. २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक विकासनिधीसाठी एक टक्का वीज आणि प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षे दरमहा शंभर युनिट, अशी तरतूद आहे. पाण्याला जो न्याय, तो वाऱ्याला का नसावा?

गावाला हे झेपेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात जाऊन यावे. याच तालुक्यात ब्राह्मणवेलचा मोठा पवनप्रकल्प आहे आणि याच तालुक्यात बारीपाडा आहे. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्यासह तेथील वनवासी बांधवांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतःचे नियम करून, दंड आकारून राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जे गाव जंगलातील एकेका झाडाचा हिशेब ठेवू शकते, त्याला पवनचक्कीच्या मीटरवरचे आकडे वाचता येणार नाहीत, असे मानणाऱ्यांनी बारीपाडा पाहिलेला नाही. पठारांवरील जुन्या यंत्रांच्या बदलाचे करार आता होऊ लागतील. त्यांच्या मसुद्यात ग्रामसभेच्या वाट्याचे कलम सह्या होण्यापूर्वीच घातले गेले पाहिजे, कारण नव्या यंत्राचे आयुष्यही वीस-पंचवीस वर्षांचे असणार आहे.