'सोनेरी' या विशेषणाची किंमत

साहित्य समाजाचे प्रतिबिंब असते, हे वाक्य आपण वर्गात इतक्या वेळा उच्चारतो की उलट शक्यता ध्यानातच येत नाही. जैसलमेर पाहावे. 1156 साली वसलेले हे वाळवंटी नगर सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या काफिल्यांवर जगले. जकात, सावकारी यांतून पटव्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. मुंबई बंदर भरभराटले तसा व्यापार समुद्राकडे वळला; 1947च्या फाळणीने उरलीसुरली वाटही तोडली. मग सत्यजित राय यांची 'सोनार केल्ला' ही कादंबरी (1971) आणि तिच्यावर त्यांनीच काढलेला चित्रपट (1974) आला, नि बंगाली पर्यटक तो किल्ला शोधत येऊ लागले. पिवळ्या वालुकाश्माला चिकटलेले विशेषणच आता विकले जाते.

किल्ल्यात आजही माणसे राहतात. कित्येक घरांची अतिथिगृहे झाली. पाणी जपून वापरणाऱ्या वस्तीत नळ आले, न्हाणीघरे वाढली. सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरले, मातीचे थर सैल झाले, बुरूज ढासळले. 2013 साली किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. 2024च्या ऑगस्टमधील पावसात तटाचा काही भाग कोसळला. (आपल्या प्रवासवर्णनांत सूर्यास्त असतो, गटार नसते.)

रहिवाशांनाच खाली हलवावे, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. मला तो मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी कुटुंबे आणि पाहुण्यांसाठी चढवलेले मजले यांना एकाच मापाने मोजता येणार नाही; कात्री आधी मजल्यांना लागावी.