कोच जातो, पोरं राहतात

थोडं मोठं लिहितेय. पण ह्यूस्टनच्या आसपास राहणाऱ्या, आणि घरात हायस्कूलमध्ये खेळणारं मूल असलेल्या मंडळींनी जरा वेळ काढून वाचावं. फुटबॉल म्हणजे इथला, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचा, कारण विषय खेळाचा कमी आणि पैशाचा जास्त आहे.

२५ ऑक्टोबर २०२५ च्या शनिवारी आपल्या टेक्सास ए अँड एमने बॅटन रूजला जाऊन एलएसयूला ४९-२५ असं धुतलं. इथल्या अॅगी मंडळींचे व्हॉट्सअॅप ग्रुप रात्रभर वाजत होते. दुसऱ्या दिवशी एलएसयूने कोच ब्रायन केली यांना काढून टाकलं. केलींचा करार २०२१ मध्ये झाला होता. दहा वर्षं, साडेनऊ कोटी डॉलर. चौथा मोसमही पुरा झाला नाही आणि उरलेल्या कराराची भरपाई, इथल्या भाषेत बायआउट, निघाली सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर. रुपयांत पावणेपाचशे कोटींच्या घरात. काम न करण्याचे.

मग तमाशा झाला. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी जाहीरपणे सांगितलं की पुढचा कोच आताचे अॅथलेटिक डायरेक्टर निवडणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते डायरेक्टर, स्कॉट वुडवर्ड, पायउतार झाले. नोव्हेंबरात केली कोर्टात गेले, आणि अखेर विद्यापीठाला मान्य करावं लागलं की यांचा काही गुन्हा नाही, पैसे देणं लागतो.

आता एवढे हात पोळल्यावर माणूस काय करेल? जपून वागेल. एलएसयूने ३० नोव्हेंबरला, म्हणजे पाच आठवड्यांत, शेजारच्या मिसिसिपीतून ओल मिसचे कोच लेन किफिन यांना उचललं. सात वर्षं, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. वर ओल मिस प्लेऑफमध्ये पुढे गेली तर किफिनना तिथे जो बोनस मिळाला असता, तोही भरून देण्याचं कबूल केलं. म्हणजे दुसऱ्याच्या संघाच्या विजयाचा बोनस एलएसयू देणार! हे मी दोनदा वाचलं.

ओल मिसची तेव्हाची स्थिती काय होती? ११ सामने जिंकलेले, एकच हरलेला, पहिल्यांदाच राष्ट्रीय प्लेऑफची दारं उघडलेली. पोरांनी वर्षभर घाम गाळला आणि ऐन वेळी सेनापती शेजारच्या राज्यात. विद्यापीठाने किफिनना प्लेऑफपुरतं थांबू दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. सहायक पीट गोल्डिंग यांना पुढे केलं. त्यांच्या हाताखाली पोरं उपांत्य फेरीपर्यंत गेली, वाटेत जॉर्जियाला हरवून. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि गंमत बघा. चार वर्षांपूर्वी एलएसयूने केलींना आणलं ते नोत्र दामहून. तेव्हा नोत्र दामही ११-१ होती, प्लेऑफची आशा जिवंत होती. केलींनी सकाळी सकाळी पोरांना गोळा करून चार मिनिटांत निरोप घेतला आणि निघून गेले. म्हणजे एलएसयूने जे एकदा केलं तेच पुन्हा केलं, फक्त विद्यापीठाचं नाव बदललं.

लुइझियानावाल्यांना हसायच्या आधी आपल्या अंगणात बघू. ए अँड एमने २०१७ च्या डिसेंबरात जिंबो फिशर यांच्याशी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार केला. सगळी रक्कम हमीची. २०२० चा एक मोसम चांगला गेला. लगेच २०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवला, पगारही वाढवला. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांना काढलं. भरपाई साडेसात कोटी डॉलरहून जास्त. त्यातले जवळजवळ दोन कोटी साठ दिवसांत, आणि उरलेले दरवर्षी सत्तर लाखांहून जास्त, थेट २०३१ पर्यंत. फिशर दुसरीकडे कुठे नोकरी करोत की घरी बसून मासे पकडोत, एक डॉलर कमी होत नाही. नवे कोच माइक एल्को आले तेव्हा त्यांचा पगार होता वर्षाला ७० लाख. म्हणजे एक कोच मैदानावर, एक घरी, आणि पगार जवळपास सारखाच.

आता वुडवर्ड यांच्याकडे परत येऊ. फिशरचा पहिला करार ए अँड एममध्ये कोणी केला? याच वुडवर्ड यांनी. नंतर ते एलएसयूला गेले आणि केलींचा केला. फिशरचा करार २०२१ मध्ये वाढवला तेव्हा ए अँड एमचे डायरेक्टर होते रॉस ब्योर्क. फिशर गेल्यावर दोनच महिन्यांत ब्योर्क यांची ओहायो स्टेटला नेमणूक जाहीर झाली. त्याहून मोठं आणि श्रीमंत ठिकाण. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. सही करणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, आणि त्याचं चुकलंय हे कळेपर्यंत तो दुसऱ्या गावी.

म्हणून मला कोचचा राग येत नाही. समोरचा दहा वर्षांची हमी देतोय तर कोण नाही म्हणेल? तुम्ही-आम्ही म्हणू? माझा राग आहे तो सही करणाऱ्यांवर, आणि त्यांना कोणी प्रश्न विचारत नाही यावर.

एवढा पैसा आला कुठून, हेही बघायला हवं. टीव्हीतून. बिग टेन नावाच्या एकाच गटाचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून जास्त आहे. विद्यापीठं नफा वाटत नाहीत, त्यांचे भागधारक नसतात. खेळाडूंना पगार द्यायला २०२५ पर्यंत नियमाने बंदी होती. २०२१ पासून नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली, पण विद्यापीठाकडून थेट काही नाही. मग येणारा पैसा जाणार कुठे? कोचकडे, त्याच्या सहायकांकडे आणि संगमरवरी लॉकर रूमकडे. एलएसयूने २०१९ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून फुटबॉलची इमारत नवी केली, पोरांना झोपता येईल असे लॉकर बसवले. त्याच आठवड्यात तिथल्या प्राध्यापकांनी गळणाऱ्या ग्रंथालयाचे फोटो टाकले होते. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखेच इथेही अॅडजंक्ट असतात, कोर्सवर पैसे, सुट्टीत काही नाही. त्यांना हे बघून काय वाटत असेल.

२०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एक मोठा समझोता मंजूर केला आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली. पण त्याला कमाल मर्यादा आहे. पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलर, तेही विद्यापीठातल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून. आता केलींची भरपाई आठवा. काढून टाकलेल्या एका कोचचे पैसे म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्या पोरापोरींच्या वर्षभराच्या कमाल रकमेच्या अडीचपटीहून जास्त. खेळाडूंच्या पैशाला मर्यादा, कोचच्या पैशाला नाही.

त्यात वेळापत्रकाने वाट लावली आहे. पूर्वी हायस्कूलची मुलं विद्यापीठाशी करार करायची ती फेब्रुवारीत. २०१७ पासून डिसेंबरातही मुदत आली आणि सगळी घाई तिथे सरकली. यंदा ती ३ डिसेंबरला सुरू झाली. किफिननी निर्णय कधी जाहीर केला? ३० नोव्हेंबरला. तीन दिवस आधी. कारण कोच नसेल तर पोरं सह्या करत नाहीत. २ जानेवारीला ट्रान्सफर पोर्टल उघडलं, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंचा बाजार. आणि प्लेऑफची अंतिम लढत १९ जानेवारीला! मोसम संपायच्या आधी कोच बदलायचा, पोरं गोळा करायची, जुनी जाऊ द्यायची आणि सामनेही खेळायचे. म्हणून विद्यापीठं मोसम अर्धा झाला नाही तोच कोच काढतात. यंदा यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेकने सप्टेंबरच्या मध्यातच काढले, मग ओक्लाहोमा स्टेट, आर्कान्सा, पेन स्टेट, फ्लोरिडा, एलएसयू, ऑबर्न.

आणि याने संघ सुधारतो का? राज्यशास्त्राच्या तीन प्राध्यापकांनी याचा अभ्यास करून २०१३ च्या सुमारास निष्कर्ष छापले होते. अगदी तळाच्या संघांना कोच बदलून फारसा फरक पडत नाही, आणि मधल्या फळीतल्या संघांची कामगिरी उलट आणखी घसरते. पण हरल्यावर काहीतरी केलं असं दिसावं लागतं ना.

आता पोरांचं. आमच्या केटीत शेजारी एक कुटुंब आहे, मराठी नाही, पण दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतं. त्यांचा मुलगा बचावफळीत चांगला खेळायचा. राज्याबाहेरच्या एका मध्यम विद्यापीठाचे कोच घरी आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, आईच्या हातचं जेवले. चारही वर्षं मी याच्या पाठीशी आहे, असं त्या माउलीला सांगून गेले. पोराने दुसऱ्या दोन ठिकाणांना नकार कळवला. तो तिथे पोचायच्या आत हे महाशय दुप्पट पगारावर दुसरीकडे गेले. नव्या कोचने फोनवर सांगितलं की आमच्या खेळाच्या पद्धतीत तू बसत नाहीस. वर्षभर बाकावर बसून तो परतला. इथे प्रवेश घेताना इंजिनिअरिंगचे काही क्रेडिट धरले गेले नाहीत, एक सेमिस्टर वाया. त्याच्या आईला मी एकदा म्हटलं, कोचला फोन केलात का? ती नुसती हसली.

मुलगा सही करतो विद्यापीठाशी, पण जातो कोचच्या शब्दावर. कोचला हे पक्कं माहीत असतं, रिक्रूटिंगचा सगळा धंदाच त्यावर चालतो. कोच बदलला की खेळाडूला पोर्टलमध्ये जायची वेगळी मुदत मिळते हे खरं. पण पोर्टलमध्ये नाव टाकलं म्हणजे कोणी घेईलच असं नाही.

यावर अॅगी मित्र हमखास म्हणतात, अगं, तो करदात्यांचा पैसा नाही, देणगीदारांचा आहे. बरं. पण त्या देणग्या करमुक्त संस्थांना जातात, म्हणजे देणगीदाराचा जो कर वाचतो तो बाकीच्यांनी भरायचा. शिवाय देणगीदाराची थैलीही अक्षय नसते. फिशरना पाठवलेले पैसे प्रयोगशाळेला किंवा शिष्यवृत्तीला पुन्हा मिळत नाहीत.

आणि याची झळ आपल्या घरांनाही लागते, बरं का. आपली मुलं फुटबॉलमध्ये कमी, टेनिस, पोहणं, गोल्फमध्ये जास्त. त्याच समझोत्याने प्रत्येक खेळाच्या संघात किती जण असावेत यावर मर्यादा आली आहे. शिष्यवृत्तीशिवाय पण संघात असलेल्या मुलांच्या जागा त्यामुळे कमी झाल्या. खेळाडूंच्या पैशातला सिंहाचा वाटा बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल नेतो. तेव्हा पहाटे पाचला पोरीला तलावावर सोडणाऱ्या आईबाबांनी हा विषय फुटबॉलवाल्यांचा आहे असं समजू नये.

सुधारणा अशक्य नाही. पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा भरपाई ४ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास होती. पण करारात अट होती की नवी नोकरी शोधायची, आणि तिथला पगार यातून वजा. फ्रँकलिन महिन्याभरात व्हर्जिनिया टेकला लागले आणि रक्कम तडजोडीत ९० लाखांवर आली. एका कलमाने चार कोटी वाचले. फिशरच्या करारात हे कलम नव्हतं. ही अट प्रत्येक करारात सक्तीची करायला कोणाच्या बापाची परवानगी लागते? आणि सह्यांची मुदत परत फेब्रुवारीत नेली तर निम्मी पळापळ आपोआप थांबेल.

आपल्यातले कितीतरी जण ए अँड एमचे माजी विद्यार्थी आहेत, काही जण ट्वेल्थ मॅन फाउंडेशनला दरवर्षी देणगीही देतात. एल्कोंना नोव्हेंबरात नवा करार मिळाला आहे. माणूस चांगला आहे, संघ प्लेऑफमध्ये नेला, तक्रार नाही. पण पुढच्या वेळी देणगीसाठी फोन आला की एवढं विचारा: यांना काढलं तर किती द्यावे लागतील, आणि दुसरी नोकरी लागली तर त्यातून वजा होणार की नाही? विद्यापीठाच्या बोर्ड ऑफ रीजंट्सच्या बैठका जाहीर असतात, तिथे जाऊनही विचारता येतं. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. केटी-शुगर लँडकडून कोणी येणार असेल तर खाली लिहा, एका गाडीतून जाऊ. दीड-दोन तासांचा रस्ता आहे.